कुंडीतली सेंद्रिय भाजी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गच्ची, बाल्कनी, खिडकीचं ग्रील, चाळीतली गॅलरी अशा जागांत भाजी लावणाऱ्यांकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातले बरेचसे "कोणतं औषध मारू?" असेच असतात, आणि उत्तर बहुतेक वेळा माती किंवा पाण्यात सापडतं. त्यामुळे घाई असली तरी प्रश्न ३ आणि ५ आधी वाचा, मग तुमच्या अडचणीकडे वळा.

१. माझ्याकडे फक्त एक बाल्कनी आहे. ऊन किती लागतं?

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि फळं देणारे सगळे वेल यांना रोज किमान ५-६ तास थेट ऊन हवं. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर ३-४ तासांवर भागवतात. पुदिना, अळू, मायाळू, ओव्याचं पान यांना त्याहून कमी ऊनही चालतं. "उजेड भरपूर आहे" याला ऊन म्हणत नाहीत. पानावर सावलीची कड स्पष्ट पडली पाहिजे.

पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोयीची. पश्चिमेला एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पानं भाजतात, तिथे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं, उन्हाळ्यात मात्र ते कठड्यावरच थांबतं. उत्तरेची बाल्कनी अगदी निकामी नसते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ढग नसतील तर त्या दिवसांत तिथेही ऊन पडतं. पण त्या भरवशावर टोमॅटो लावू नका, पालेभाजीवर समाधान माना. कुंड्या आणण्याआधी सुट्टीच्या दिवशी ऊन कुठे किती वाजता येतं आणि कधी जातं, ते कागदावर लिहा.

२. अगदी पहिल्यांदा काय लावू?

मेथी. स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवा, सकाळी पसरून वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकी माती टाका. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात जुडी हातात येते. जोडीला पालक आणि लाल माठ घ्या. हे दोन्ही बुडाशी दोन-तीन बोटं ठेवून कापले की पुन्हा फुटतात. धने पेरायचे असतील तर आधी लाटण्याखाली हलके रगडून दोन डाळी सुट्या करा. ते उगवायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून मध्येच माती उकरून बघू नका.

ऋतू पाळा. पावसाळ्याच्या तोंडावर भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं. पाऊस ओसरल्यावर कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा. टोमॅटोचं बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकलं की थंडीत फळ मिळतं. मे महिन्यात पेरलेली कोथिंबीर लगेच फुलावर जाते, त्यात तुमचा दोष नसतो. फ्लॉवर आणि गाजर पहिल्या वर्षी नकोत.

३. कुंडीत नक्की काय भरायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. रोपवाटिकेतून पोतंभर लाल माती आणून कुंडी काठोकाठ भरली की महिन्यात तिची वीट होते. जमिनीत मुळं हवी तिकडे वाट काढतात. कुंडीत तुम्ही जे दिलं तेवढंच त्यांचं जग, म्हणून भरण हलकं, भुसभुशीत आणि ओल धरणारं हवं.

माझं प्रमाण मापाने आहे, वजनाने नाही: एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो) किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा. त्यावर १२ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती असेल तर ती अर्धं घमेलंच घ्या, कारण ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. कोकणातली जांभ्याची माती पाणी भराभर सोडते, तिला खत जास्त लागतं.

कोकोपीटमध्ये क्षार असतात. वीट भिजवून फुगली की ते पाणी काढून टाका, पुन्हा पाणी घाला, पुन्हा पिळा. पाच किलोच्या एका विटेचं साधारण ६०-७० लिटर कोकोपीट होतं, त्यामुळे सगळी वीट एकदम भिजवायची गरज नाही. शेणखत ताजं नको. मुठीत घेतल्यावर ते गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर अजून कच्चं आहे. नीट कुजलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

तयार मिश्रण ओलसर करून मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर सुटला, तर जमलं. वळलाच नाही तर ते फार मोकळं आहे, टोचूनही फुटला नाही तर माती जास्त झाली.

माती जवळजवळ न वापरताही बाग होते. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या प्रयोगगटातून उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर शहरात भाजी पिकवण्याची वाट दाखवली. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच कचऱ्यावर बाग फुलवली. ज्यांच्या गच्चीला वजनाची चिंता आहे (प्रश्न ६), त्यांनी हाच मार्ग धरावा.

४. कुंडी कोणती आणि केवढी? तळाला विटांचे तुकडे घालायचे ना?

पालेभाजीला ६-८ इंच खोली पुरते, तिथे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. मिरचीला १०-१२ इंची कुंडी. टोमॅटो, वांगं आणि वेलांना किमान १५-२० लिटर मावेल असं भांडं. लिंबाला १८ इंच किंवा मोठं, आणि रोप कलमाचंच घ्या, बियांपासूनचं लिंबू बरीच वर्षं वाट पाहायला लावतं.

मातीची कुंडी श्वास घेते पण लवकर सुकते, प्लास्टिकची उलट. ग्रो बॅग (रोप लावायची पिशवी) स्वस्त आणि हलकी, मात्र उन्हाला टिकेल अशी जाड घ्या. भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या खरवडून स्वच्छ धुऊन वापरता येतात. ऑइलपेंटचे डबे आणि जुने टायर खायच्या भाजीला नकोत.

विटांच्या किंवा खड्यांच्या थराने निचरा सुधारतो हा समज फार पक्का आहे, पण तो खरा नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहतं. म्हणजे थर घातला की ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर एक खापर किंवा नारळाच्या शेंडीचा तुकडा ठेवा, बस्स. भोकं मात्र चार-पाच हवीत.

५. पाणी किती वेळा घालायचं?

वेळापत्रकाने नाही, बोटाने ठरवा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर भोकातून थेंब पडेपर्यंत घाला. रोज वाटीभर शिंपडलं तर वरचा थरच भिजतो आणि मुळं वरच राहतात.

नवख्यांची रोपं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात. फसगत अशी होते, की मुळं कुजल्यावरही पानं मान टाकतात, ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. माती ओली आणि पान मलूल, अशी जोडी दिसली की पाणी थांबवा, कुंडी सावलीत घ्या. भर दुपारी कोमेजलेलं आणि संध्याकाळी ताठ झालेलं रोप मात्र ठीक असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात लहान कुंडीला दोन वेळा पाणी लागू शकतं. तिथे मातीवर दोन इंच वाळका पाला किंवा चिपाडाचं आच्छादन घाला, फरक पहिल्याच आठवड्यात कळेल.

कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

६. गच्चीवर वजन पेलेल का? सोसायटीवाले गळतीची भीती दाखवतात.

भीती रास्त आहे. एक फूट लांब-रुंद-खोल भांड्यात सुमारे २८ लिटर भरण मावतं, आणि नुसती माती असेल तर भिजल्यावर ते ४० किलोच्या पुढे जातं. कोकोपीट-पाल्याचं मिश्रण त्याहून बरंच हलकं. जड कुंड्या तुळयांवर किंवा कडेच्या भिंतींलगत ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मोठे वाफे करू नका.

गळती कुंडीमुळे होत नाही, तिच्याखाली सतत ओल राहिल्याने होते. प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर उचललेली हवी, खालून हवा जायला आणि केरसुणी फिरायला जागा हवी. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बाल्कनीच्या कठड्यावर, बाहेरच्या बाजूला कुंडी कधीही ठेवू नका. वाऱ्याने ती खाली कुणाच्या डोक्यात पडू शकते.

७. घरी खत करते आहे, पण वास येतो आणि अळ्या झाल्या. फेकून देऊ?

मुळीच नको. वास म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. भाजीच्या देठा-सालींच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा दुप्पट वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट टाका आणि दोन-तीन दिवसांनी ढवळा. माठाला किंवा बादलीला बाजूने भोकं असली पाहिजेत. तेलकट, खारट शिजलेलं अन्न, मटण-मासे, दूध यांतलं काही घालू नका. लिंबाच्या आणि कांद्याच्या साली बारीक करून थोड्या घातल्या तर बिघडत नाही.

चपट्या, करड्या, जाडसर अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग आणत नाहीत, आणि कचरा फार झपाट्याने संपवतात. किळस वाटत असेल तर वाळका पाला वाढवा, त्या आपोआप कमी होतात. दोन-तीन महिन्यांनी काळपट, भुरभुरीत झालेलं खत चाळून घ्या आणि आठवडाभर सावलीत ठेवून मग वापरा.

८. केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, तांदूळ धुतलेलं पाणी, यातलं काय उपयोगी?

सगळंच खताच्या बादलीत (प्रश्न ७) उपयोगी. थेट कुंडीत फारसं नाही. केळीच्या सालीच्या पाण्यात उतरतं ते थोडंच. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकला की मुंग्या आणि बुरशी येते, धुऊन वाळवलेला मूठभर चालतो. टरफलं विरघळायला फार काळ लागतो, घालायची तर मिक्सरमधून पीठ करून घाला. तांदळाच्या पाण्याने नुकसान नाही, पण त्यावर विसंबू नका. कढीपत्त्याला पातळ केलेलं आंबट ताक घालण्याची घरोघरची रीत मला पटते, महिन्यातून एकदा.

९. फ्लॅटमध्ये जीवामृत करता येईल?

येईल. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. नैसर्गिक शेतीचे प्रचारक, अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेलं हे खत एकराला २०० लिटर असं सांगितलं जातं. घरासाठी १० लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम काळा गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत, तोंडाला फडकं बांधून, दिवसातून दोनदा ढवळत ४८ तास ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. दहापट पाणी मिसळून मातीत घाला. कच्च्या खायच्या पानांवर फवारू नका, शेणातले जंतू जेवणात यायला नकोत. शेण मिळत नसेल तर हट्ट नको, चांगलं गांडूळखत दर महिन्याला दोन मुठी दिलं तरी भाजी उत्तम येते.

१०. बियाणं गुलाबी रंगाचं निघालं. ते सेंद्रिय असतं का?

तो रंग बहुधा बुरशीनाशक चोळल्याची खूण असतो. ते बी खायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे, आणि काटेकोर सेंद्रिय बाग करायची असेल तर टाळायचं. पाकिटावर 'एफ-१' लिहिलं असेल तर ते संकरित. पीक चांगलं देतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ मिळत नाही. बाजारातल्या टोमॅटोच्या बियांचंही बहुधा तेच.

बी धरायचं असेल तर सरळ (संकरित नसलेले) किंवा देशी वाण घ्या. भेंडीत 'परभणी क्रांती', मिरचीत 'ज्वाला', वांग्यात 'मांजरी गोटा' ही नावं कृषी सेवा केंद्रात ओळखीची आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. एक-दोन कुंड्यांतही हे काम करता येतं: सगळ्यात निरोगी झाडावरचं पहिलं चांगलं फळ खाऊ नका, झाडावरच पूर्ण पिकू द्या आणि बी राखेत घोळवून ठेवा.

११. मिरचीची पानं चुरडली आहेत. कोणतं औषध मारू?

आधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर उचलून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली झुकून पान लांबट झालं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी सूक्ष्म जीव). पानं बारीक, जाड, पिवळट ठिपक्यांची आणि झाड खुजं राहिलं असेल तर विषाणू, म्हणजे चुरडा-मुरडा.

खात्री करायला शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. पिवळसर, पापणीच्या तुटलेल्या केसासारख्या बारीक रेषा चालू लागल्या तर ते फुलकिडे. कोळी भिंगाशिवाय दिसणं कठीण.

दोन्हींना उपाय एकच: पानांच्या खालच्या बाजूला जोराने पाण्याची धार आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल. ५ मिली तेलात १-२ मिली सौम्य द्रव साबण आधी नीट घोटा, मग लिटरभर कोमट पाणी थोडं थोडं मिसळा. नुसतं तेल पाण्यावर तरंगतं आणि पानं भाजतं. एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मग सगळ्या झाडावर. पाच-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. विषाणूला औषध नाही. ते झाड उपटून कचऱ्यात द्या, खताच्या बादलीत नको. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली तरी हेच. हे विषाणू पांढरी माशी पसरवते, तिच्यासाठी पिवळे चिकट कागद लावा.

१२. जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय, आणि मुंग्याही आहेत.

तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला एका फांदीवरून दुसरीवर पसरायला मदत करतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की त्यांची वाट तुटते (ताटलीचं पाणी बदलत राहा, प्रश्न ५). किडीचे पुंजके जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात खरवडा, फार भरलेले शेंडे छाटा, मग प्रश्न ११ मधली फवारणी. आसपास ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर फवारू नका. त्यांच्या अळ्या मावा आणि पिठ्या ढेकूण खातात, त्यांना वेळ द्या.

१३. वेलाला फुलं खूप, पण फळ धरत नाही.

सुरुवातीचे काही दिवस फक्त नर फुलं येतात, वाट बघा. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही, उंच मजल्यावर मधमाश्या कमी पोहोचतात. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. वेळ महत्त्वाची: काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं सकाळी लवकर. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना तेव्हाच करा. सकाळी दुधीवर केलेली मेहनत बहुतेक वाया जाते.

टोमॅटो-मिरचीच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात, फांदीला टिचकी मारली तरी पुरतं. ३५ अंशांच्या वर टोमॅटोची फुलं गळतातच, तिथे जाळी आणि धीर.

१४. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कॅल्शियम कमी आहे का?

फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही हे खरं, पण कुंडीत तो बहुधा मातीत असतोच. तो पाण्याबरोबर चढतो, आणि दोन दिवस कोरडं, मग एकदम चिंब असं झालं की पुरवठा तुटतो. पाणी एकसारखं ठेवा, आच्छादन घाला, भांडं मोठं करा. डाग पडलेलं फळ काढून टाका.

१५. तुळस दर पावसाळ्यात जाते. काही चुकतंय का?

रोज श्रद्धेने तांब्याभर पाणी पडतं, वरून पाऊस. तुळशीला ओले पाय सोसत नाहीत. पावसाळ्यात पळीभर पाणी वाहा, उरलेलं शेजारच्या कुंडीला द्या. मातीत चौथा भाग वाळू मिसळा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, नाहीतर झाड बी धरून म्हातारं होतं. दोन वर्षांनी जुनी तुळस वाळणं स्वाभाविक आहे, म्हणून त्याच मंजिऱ्यांची रोपं आधीच तयार ठेवा.

१६. आठ-दहा दिवस गावाला जायचंय.

सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, जाड आच्छादन घाला. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंच ठेवून सुती दोरी किंवा जुन्या साडीच्या पट्टीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत खोचा. निघायच्या आठवडाभर आधी हे लावून बघा, बादली किती दिवसांत रिकामी होते ते कळेल. बादलीला फडकं बांधा, डासांसाठी.

१७. पीक निघाल्यावर तीच माती पुन्हा वापरू?

जरूर. जाड मुळं काढा, एप्रिल-मेच्या उन्हात ओलसर माती पारदर्शक प्लास्टिकखाली तीन-चार आठवडे तापवा, मग एक तृतीयांश नवं खत आणि निंबोळी पेंड मिसळा. मुळांवर गाठी दिसल्या असतील तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा सूक्ष्म जंत. त्या कुंडीत पुढचा हंगाम झेंडू लावा. मिरची, टोमॅटो, वांगं ही एकाच कुळातली, एकामागून एक त्याच मातीत नकोत.

द्विदलाच्या, म्हणजे गवार, घेवडा, मेथीच्या मुळांवरच्या छोट्या गाठी मात्र वेगळ्या. त्या गुलाबीसर आणि बोटाने सुटणाऱ्या असतात, नत्र धरून ठेवतात. त्या मातीतच राहू द्या.

१८. मुलगी अमेरिकेत असते. कढीपत्त्याचं रोप नेलं तर चालेल?

नाही. कढीपत्ता हा लिंबूवर्गाचा नातेवाईक. त्यावर राहणारी सिट्रस सिला नावाची कीड संत्रा-लिंबाच्या बागांत जीवघेणा रोग पसरवते, म्हणून तिथे रोपं आणि ताजी पानं नेण्यावर कडक निर्बंध आहेत. फ्लोरिडा-कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तर रोप राज्याबाहेर न्यायचे नियमही वेगळे. तिने तिथल्याच परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावं, हिवाळ्यात घरात दक्षिणेच्या खिडकीत ठेवावं आणि पाणी निम्म्याहून कमी करावं. थंडीत पानं गळाली तरी टाकू नये. खोड नखाने खरवडून आत हिरवं दिसलं तर वसंतात फुटतं.